गाडी खाली, चाके वाकडी

मोटारगाडी खाली बसवण्याची हौस ही वाया गेलेल्या पोरांची हौस होय, असे आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे ठाम मत असते. उलट ज्यांना ही हौस आहे त्यांचा असा समज असतो की, गाडी चार बोटे खाली आली की ती आपोआप रस्त्याला चिकटून धावू लागते. मला ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. पहिल्या मंडळींनी गाडीखाली कधी डोकावून पाहिलेले नसते. दुसऱ्यांनी पाहिलेले असते, पण ते फक्त मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, चाक आणि मडगार्ड यांच्यात किती बोटे मावतात तेवढेच. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. गाडी खाली आणली म्हणजे केवळ उंची बदलत नाही. चारही चाकांचे रस्त्याशी असलेले कोन बदलतात. ते कोन पुन्हा ताळ्यावर आणण्याच्या कामाला गॅरेजात 'व्हील अलाइनमेंट' म्हणतात, आणि ज्याने ते काम केले नाही त्याने निम्मे काम करून गाडी रस्त्यावर आणली, असे माझे मत आहे. निम्मे काम केलेल्या गाडीत तो एकटा बसत नाही. त्याची आई बसते, मित्र बसतात, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर कोणीतरी असतेच.

कलाशाखेच्या वार्षिकांकात चाकांवर लेख कशाला, असे आमचे काही प्राध्यापक विचारतील. त्यांच्यासाठी एक छोटी हकीकत सांगतो. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, हा जो नियम अभियांत्रिकीच्या वर्गात आजही शिकवतात, त्याला 'अकरमन' हे नाव आहे. रुडॉल्फ अकरमन हा लंडनमधील चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक होता. 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' हे कलाविषयक नियतकालिक तो १८०९ पासून काढत असे. ही युक्ती शोधली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराने, आणि इंग्लंडात तिचे पेटंट घेतले अकरमनने, १८१८ साली. शोध कारागिराचा, नाव प्रकाशकाचे, जगरहाटीच ती. पण कलेचे मासिक काढणाऱ्या माणसाला चाकांच्या कोनांचे वावडे नव्हते, एवढे तरी यातून दिसते.

आता कोनांकडे वळू. एखादा माणूस सरळ उभा आहे अशी कल्पना करा. त्याचे चवडे आत वळले आहेत की बाहेर फाकले आहेत, हे वरून पाहिल्यावर कळते. चाकांच्या अशा आत-बाहेर वळण्याला 'टो' म्हणतात; नावच मुळी पायाच्या बोटांवरून पडले आहे. समोरून पाहिले असता चाक ताठ उभे आहे की माथा आत झुकवून उभे आहे, हा दुसरा कोन, त्याचे नाव 'कँबर'. माथा आत असेल तर तो उणा, बाहेर असेल तर अधिक. तिसरा कोन 'कॅस्टर'. तो बाजूने पाहायचा. सायकलच्या हँडलचा दांडा वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो आणि चिमटा खाली पुढे जातो, तसाच तिरपेपणा मोटारीच्या पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाला दिलेला असतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून सरकत आपसूक मधोमध येते, त्यात मोठा वाटा या कोनाचा असतो.

मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत पुढची चाके एकाच पद्धतीने टांगलेली असतात. ही पद्धत अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात बसवली आणि ब्रिटनमध्ये १९५० साली निघालेल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती आली. स्प्रिंग आणि शॉकॲबसॉर्बर एकत्र बांधलेला एक उभा खांब, ज्याला 'स्ट्रट' म्हणतात, आणि खाली चाकाला धरून ठेवणारा एक आडवा हात, म्हणजे 'लोअर आर्म'. बस्स. स्वस्त, आटोपशीर आणि इंजिनाला जागा मोकळी ठेवणारी रचना. तिच्यात दोष शोधायला मी बसलेलो नाही. पण तिचे एक वैशिष्ट्य गाडी खाली करणाऱ्याने जाणून घेतलेच पाहिजे.

तो खालचा हात आतल्या टोकाला बिजागरीसारखा फिरतो. साहजिकच त्याचे बाहेरचे टोक सरळ वर-खाली न जाता गोलाईत फिरते. कंपनीने ठरवलेल्या उंचीवर हा हात बहुतेक गाड्यांत बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरता असतो. गाडीचे अंग खाली आले की त्या मानाने हाताचे बाहेरचे टोक वर जाते आणि आडवे होईपर्यंत बाहेर सरकते. चाकाचा पाय बाहेर ढकलला गेला म्हणजे माथा आत झुकला. कँबर उणा झाला. इथपर्यंत ठीक. पण हौस फार झाली आणि हात आडव्याच्याही वर चढला, की तेच टोक पुन्हा आत ओढले जाऊ लागते. मग वळणावर गाडी एका बाजूला दबली असता बाहेरच्या चाकाने माथा आत घ्यायचा तो घेत नाही, आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. रस्त्याला चिकटण्यासाठी म्हणून खाली आणलेली गाडी नेमकी वळणावर पकड सोडते ती अशी.

टोचे प्रकरण याहून नाजूक आहे. चाक वळवणारा जो 'टाय-रॉड' असतो तोही गोलाईतच फिरतो, पण त्याची लांबी वेगळी आणि बिजागरीची जागाही वेगळी. दोन वेगवेगळ्या लांबीच्या फळ्या दोन वेगवेगळ्या बिजागऱ्यांवर लावल्या आहेत आणि दोघींची बाहेरची टोके एकाच चाकाला बांधली आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका विशिष्ट उंचीच्या आसपास या दोघींचे जमते. ती उंची कंपनीने हिशेबाने ठरवलेली असते. तुम्ही उंची बदलली की दोघींचे बिनसते, आणि मधल्यामध्ये चाक थोडे वळून बसते. आत वळेल की बाहेर, हे त्या त्या गाडीच्या रचनेवर अवलंबून. शिवाय प्रत्येक खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते आणखी वळते; स्टेअरिंग तुम्ही हलवलेले नसते, तरी गाडी हलते.

एक गोष्ट मला स्वतःला फार गमतीची वाटली. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे तिचा भारमध्य ३० मिलिमीटर खाली येतो, हे उघड आहे. पण वळणावर गाडीचे अंग ज्या कल्पित बिंदूभोवती कलते, तो बिंदू या मॅकफर्सन रचनेत त्याहूनही जास्त खाली घसरतो. दोघांमधले अंतर वाढले म्हणजे कलवणाऱ्या तरफेचा हात लांब झाला. स्प्रिंगा तितक्याच मऊ ठेवल्या, तर खाली बसवलेली गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलू शकते! 'खाली म्हणजे स्थिर' हे समीकरण इतके सरळ नाही.

बोलण्यापेक्षा आकडे बरे. समजा पुढचे एक चाक टोमध्ये अर्ध्या अंशाने चुकले आहे. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर हा फरक जेमतेम ५ मिलिमीटरचा. उभ्या गाडीकडे पाहून कोणालाही दिसणार नाही. पण अर्धा अंश वाकडे चाक सरळ रस्त्यावर चालवायचे, म्हणजे दर किलोमीटरला त्याला जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवे फरफटत नेण्यासारखे आहे. दहा हजार किलोमीटर झाले की फरफट झाली ८७ किलोमीटरची. पुण्याहून निघून लोणावळ्याच्याही पुढे, चाक न फिरवता, आडवे घासत जायचे! टायर का झिजला, असे मग टायरवाल्याला विचारण्यात काय अर्थ आहे?

त्या मानाने कँबर हा बदनाम झालेला गरीब प्राणी आहे. चाके आत झुकलेली दिसतात म्हणून टायर आतून झिजले, असे जो तो म्हणतो. अंशभर कँबर एकट्याने टायरचे फार मोठे नुकसान करत नाही. खरा खादाड टो. दोघे एकत्र आले की मात्र आतली कड पाहता पाहता संपते, कारण झुकलेल्या चाकाचा भार त्या कडेवर आणि वाकड्या चाकाची फरफटही तिथेच. म्हणून माझे मत असे की, ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने आधी टो दुरुस्त करून घ्यावा. नवे चकचकीत रिम नंतर.

आतली कड, हा या सगळ्या प्रकरणातला दुष्ट भाग आहे. बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवा दिसतो. आमच्या वर्गातील एका मित्राने गाडीच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. बसवणाऱ्याने 'सगळे ओके' म्हणून पाठवून दिले. सात-आठ हजार किलोमीटरनंतर पंक्चर काढताना चाक उतरवले, तेव्हा बाहेरच्या बाजूला नक्षी शाबूत होती आणि आतल्या कडेला तारा दिसत होत्या. त्याच टायरांवर तो आदल्या आठवड्यात घरच्या सर्वांना घेऊन पंढरपूरला जाऊन आला होता. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. पण ती मोजायची कुठे? आपण बाहेरच्या कडेवर नाणे टेकवतो आणि समाधान मानतो.

यावर हौशी मंडळींचे ठरलेले उत्तर असते: शर्यतीच्या गाड्यांची चाकेसुद्धा आत झुकलेली असतात. असतात, दोन-तीन अंश झुकलेली असतात. शर्यतीची गाडी सारखी वळणे घेत असते. वळणावर अंग कलले की बाहेरचे चाक त्या झुकावामुळेच सपाट टेकते. तिचे टायर काही तासांत बदलतात. आपण महामार्गावर सरळ रेषेत जातो आणि टायर चाळीस हजार किलोमीटर चालावा अशी अपेक्षा करतो. मल्लाचा खुराक कारकुनाने खाल्ला तर जे होईल तेच इथे होते.

शिवाय गाडी खाली बसवण्याच्या कलेचे मूळ शर्यतीत नाहीच. ते पाहायचे तर अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि त्याच्या आसपासच्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांत गेले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी जुन्या गाड्या घेतल्या, डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगा कापून त्या खाली आणल्या, त्यांवर देखणी रंगचित्रे काढली आणि रविवारी संध्याकाळी त्या मुद्दाम हळूहळू चालवल्या. हळूहळू, हा शब्द महत्त्वाचा. श्रीमंत गोऱ्या पोरांच्या गाड्या उंच आणि वेगवान. यांच्या खाली आणि संथ. त्यात एक मिरवणे होते, पण एक म्हणणेही होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने कायदा करून रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आलेल्या गाड्यांवर बंदी घातली. तेव्हा रॉन अगिरे या तरुणाने १९५९ च्या सुमारास आपल्या गाडीला पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की पुन्हा खाली. तो कायदा कॅलिफोर्नियाने अखेर रद्द केला आणि १ जानेवारी २०२४ पासून या गाड्या तिथे उजळ माथ्याने फिरतात. न्यू मेक्सिकोमधील अशीच एक १९६९ ची फोर्ड एलटीडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतली आहे. संग्रहालयात जाण्याइतकी ती कला आहे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि ती संथ चालवण्याची कला आहे, हे आमच्या मित्रांनी. आपल्याकडे रूप त्या संथ गाडीचे घेतले, चाकांचा झुकाव शर्यतीच्या गाडीचा घेतला, आणि वेग समृद्धी महामार्गाचा. तीन ठिकाणची तीन माणसे एका धोतरात!

आता अलाइनमेंटच्या दुकानांविषयी. या धंद्यात जाणते कारागीर आहेत; त्यांच्याविषयी मला आदर आहे. जुन्या काळचे मिस्त्री सुतळी आणि पट्टी घेऊन टो काढत आणि गवंड्याचा ओळंबा लावून कँबर पाहत. ओळंब्याच्या दोरीपासून रिमची वरची आणि खालची कड किती दूर आहे ते मोजायचे. ३५० मिलिमीटर उंचीला ६ मिलिमीटरचा फरक आला म्हणजे चाक सुमारे एक अंश झुकले. जमीन मात्र सपाट हवी. ही पद्धत आजही खोटी ठरलेली नाही. आता कॅमेऱ्याची यंत्रे आली आहेत आणि ती मिनिटांपर्यंत कोन दाखवतात. यंत्राचा दोष नाही. पण यंत्राने दाखवले ते दुरुस्त करायचे माणसानेच, आणि बऱ्याच दुकानांत 'अलाइनमेंट' या शब्दाचा अर्थ टाय-रॉड फिरवून पुढचा टो हिरवा करणे एवढाच उरला आहे. मित्राबरोबर मी एका दुकानात गेलो होतो. म्हटले, "दादा, रीडिंगचा कागद द्या ना." उत्तर आले, "कागद कशाला पाहिजे? गाडी सरळ चालतीय की."

सरळ चालणे हा पुरावा नव्हे. दोन्ही चाके सारखीच बाहेर फाकली असतील तर गाडी सरळच चालते. दोन बैल विरुद्ध दिशांना सारख्याच जोराने ओढत असले की गाडा मधूनच जातो, पण बैल थकतात. आणि गाडी थोडी डावीकडे जात असेल तर ती नेहमी बिघडलेलीच असते असेही नाही. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. डावीकडून चालणारी गाडी त्या उतारावर डावीकडे झुकणारच. हे सारे कागदावर पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन खोड्या मात्र खपवून घेऊ नयेत. स्टेअरिंग वाकडे राहिले की काही जण ते खोलून एक दात पुढे-मागे बसवतात आणि 'सरळ झाले' म्हणतात. स्टेअरिंग सरळ दिसते. चाके होती तिथेच. दुसरी खोडी अधिक वाईट. कँबर जमेना की जॅक आणि साखळी लावून स्ट्रटच वाकवायचा. ज्या धातूवर चाक उभे आहे तो थंड असताना जोर लावून वाकवणे याला दुरुस्ती म्हणण्याची माझी तयारी नाही.

मग नीट काम कसे होते? त्यात गूढ काही नाही, पण क्रम आहे, आणि क्रम चुकला की श्रम वाया जातात. स्प्रिंगा बदलल्यावर गाडी काही दिवस चालवून बसू द्यावी. नव्या स्प्रिंगा पहिल्या दिवशीच्या उंचीवर राहत नाहीत. या दिवसांत गाडी जपून चालवावी आणि त्याआधी टोची निदान ढोबळ दुरुस्ती करून घ्यावी. कापलेल्या स्प्रिंगा असतील तर इथेच थांबावे. वेटोळे कापले की स्प्रिंगचे टोक वाटीत नीट बसत नाही, चाक लोंबकळले की ती सैल होते, आणि शॉकॲबसॉर्बर जुन्याच लांबीचा राहतो. अशा गाडीची अलाइनमेंट म्हणजे भेगा पडलेल्या भिंतीला रंग देणे. योग्य लांबीच्या स्प्रिंगा घाला, मग पुढचे बोला.

एक बारीक गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते, म्हणून थोडे थांबून सांगतो. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला रबराचा 'बुश' असतो. तो बोल्टने आवळला की रबर त्या स्थितीत पकडले जाते, आणि पुढे हात वर-खाली होतो तो रबराच्या पिळाने. गाडी जॅकवर चढवलेली, चाके लोंबकळलेली, अशा स्थितीत बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. काही महिन्यांत ते फाटते आणि आपण रस्त्यांना शिव्या देतो. बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नव्या उंचीवर. जुनी उंची तशीच ठेवून फक्त स्प्रिंगा बदलणाऱ्याचे बुश बिघडत नाहीत. गाडी खाली आणणाऱ्याने मात्र बोल्ट एकदा सैल करून पुन्हा आवळायलाच हवेत.

त्यानंतर टायरमधील हवा सारखी करावी. बॉल जॉइंट आणि टाय-रॉडची टोके हलवून पाहावीत. सैल सांध्यावर अलाइनमेंट म्हणजे वाळूवर रेघ. मग मागची चाके, कारण गाडी कुठे तोंड करून जाणार हे मागची चाके ठरवतात. आपल्या छोट्या गाड्यांत मागचा आडवा दांडा एकसंध असतो आणि कोन फिरवायला काहीच दिलेले नसते. फरक फार असेल तर हब आणि दांडा यांच्या मध्ये पातळ पाचर घालतात. मग पुढे येऊन आधी कॅस्टर आणि कँबर. स्ट्रट जिथे चाकाच्या हबला दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथला एक बोल्ट काढून त्याच्या जागी तिरकस पोटाचा 'कँबर बोल्ट' घालता येतो. तो फिरवला की अंश-दीड अंश सुधारतो. त्याहून जास्त हवे असेल तर स्ट्रटच्या माथ्याशी सरकती प्लेट. दोन्ही बाजूंच्या कँबरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवावा, नाही तर ज्या बाजूचा कँबर अधिक तिकडे गाडी ओढते. आणि टो सर्वांत शेवटी. कँबर हलवला की टो हलतोच. आधी टो आणि मग कँबर करणारा माणूस आपलेच काम मोडतो. टो करताना स्टेअरिंग मधोमध बांधून ठेवलेले असावे.

यंत्रातले हिरवे-तांबडे आकडे कंपनीच्या मूळ उंचीचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. खाली आणलेल्या गाडीचा कँबर थोडा तांबडा राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. टो मात्र कंपनीच्या मर्यादेतच हवा. काम झाल्यावर दिव्यांचा रोख पाहून घ्यावा, विशेषतः मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर. समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत जाणारी गाडी कितीही देखणी असली तरी ती उद्धटच. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा आणि स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. चाके हलवली की त्यांनाही सरळ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावे लागते.

कायद्याचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडकपणे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तेव्हा कोणी मला विचारले की गाडी खाली बसवू का, तर मी नको म्हणेन. कायद्यासाठी नको म्हणेन आणि आपल्या गतिरोधकांसाठीही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतला गतिरोधक कोणत्या मापाने घातला आहे, ते घालणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

पण नुसत्या बंदीने भागते असे मला वाटत नाही. जर्मनीत स्प्रिंग बदलता येते. मात्र ती त्या गाडीसाठी तपासलेली असावी लागते, तिच्याबरोबर कागद येतो, चाकांची मापे आणि दिव्यांचा रोख पाहण्याची अट त्यात असते, आणि तपासनीस पाहून शिक्का देतो. आपल्याकडे बंदी आहे म्हणून हे काम अंधारात होते, आणि अंधारात होते म्हणून कागद कोणी देत नाही आणि मागतही नाही. दंडाच्या भीतीने मुलगा गाडी घेऊन चांगल्या वर्कशॉपमध्ये जायला कचरतो. जातो तो स्प्रिंग कापून देणाऱ्याकडे. बंदी ठेवणाऱ्यांनी निदान या परिणामाचा तरी विचार करावा.

आणि ज्यांनी आयुष्यात गाडीला बोट लावले नाही, त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. दहा-पंधरा वर्षे वापरलेली स्प्रिंग दमते; गाडी न विचारता खाली येते. वडापच्या ज्या गाडीत आपण नऊ जण कोंबून बसतो आणि शाळेच्या ज्या जुन्या ओम्नीत धाकटी भावंडे जातात, त्यांची चाकेही त्याच बिजागऱ्यांवर फिरत असतात. कोन बदललेच, आणि तिथे तर दाखवायला हौसही नाही. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी उभी करावी, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड बाहेरून दिसते. तळहात नक्षीवरून आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर टो चुकला आहे असे खुशाल समजावे. दर महिन्याला दोन मिनिटांचे काम आहे. हात काळा होतो, साबणाने निघतो.